मंगळवारचा वर्ग

"औषध चुकलं तर माणूस मरतो, बाई. तुमचं वाक्य चुकलं तर काय होतं?"

डाउवे दारातच उभा होता. अंगावरचा ओला कोटही त्याने काढला नव्हता. नेदरलँड्समधल्या हार्लिंगन बंदरावरच्या त्या जुन्या गोदामात दहा-पंधरा आजारी माणसं डोळे मिटून बसली होती. ती आता डोळे उघडून त्याच्याकडे बघू लागली. समोरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : माझं शरीर बरं होत आहे.

वर्ग घेणारी मार्लूस शांतपणे उठली. "आपण बाहेर बोलू या का?"

"नको. सगळ्यांना ऐकू दे."

डाउवेने शाळेत जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं होतं. निवृत्तीनंतर तो गावच्या साप्ताहिकात चुंबकाची कडी आणि मंतरलेलं पाणी विकणाऱ्यांची सालटी काढायचा. आणि त्याचीच बायको, हिस्के, आतड्याच्या गाठीचं ऑपरेशन झाल्यावर दर मंगळवारी इथे येऊन बसू लागली होती. 'चांगला विचार करा, शरीर ऐकतं' म्हणे. डाउवेला गावात तोंड दाखवायची लाज वाटू लागली.

रविवारी त्याच्या बहिणीच्या वाढदिवसाला सगळे गोलाकार खुर्च्या मांडून कॉफी पीत बसले होते. शाळेतला जुना सहकारी गेर्बेन म्हणाला, "काय रे, तुझ्याच घरात आता गाठीची समजूत काढतात म्हणे?"

सगळे हसले. डाउवेही हसला. वर म्हणाला, "अरे, हिस्के तिच्याशी इतकं गोड बोलते, की गाठ लाजूनच निघून जाईल!"

हिस्के उठून कप विसळायला आत गेली.

परतताना गाडीत त्याला स्वतःच्या जिभेची लाज वाटत होती. पण माफी मागायला शब्द सुचेनात.

"माझे हिवाळी कोट लॉटीला द्यावेत म्हणते," हिस्के मधेच म्हणाली. लॉटी म्हणजे त्यांची सून.

"आणि पुढच्या हिवाळ्यात तू काय घालणार?" डाउवे म्हणाला. "तुझ्या तपासण्यांचे आकडे उत्तम आहेत हिस्के. या टप्प्यावर बहुतेक जण बरे होतात. हे शास्त्र आहे, त्या बाईचे मंत्र नव्हेत. मागची तपासणीही ठीकच होती ना?"

हिस्केने खिडकीबाहेर, बांधावर चरणाऱ्या मेंढ्यांकडे पाहिलं.

"ठीक होती," ती म्हणाली.

त्याच क्षणी डाउवेने ठरवलं, मंगळवारी जायचं आणि त्या बाईचा सोक्षमोक्ष लावायचा.

आता वर्गाच्या दारात उभं राहून तो मनात घोकून आणलेलं सगळं बोलला. आशेचा धंदा, भोळी माणसं, पुरावा कुठाय. बोलता बोलता पुढच्या रांगेतला एक म्हातारा रडू लागला, तसा डाउवेचा आवाज खाली आला. त्याने खोलीभर नजर फिरवली.

"हिस्के कुठाय? तिला म्हणावं, घरी चल."

"हिस्के येत नाही इथे," मार्लूस म्हणाली. "नाताळच्या आधीपासून."

"काहीतरीच काय! आत्ताच तर निघाली घरून."

डोक्याला रुमाल बांधलेली एक तरुण मुलगी बोलली. "माझ्यामुळे गेल्या त्या. सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, मी यातून उठणार नाही. मला ऐकवेना, मी तक्रार केली." तिने मान खाली घातली. "मग बाईंनी त्यांना सांगितलं, असले विचार घेऊन इथे येऊ नका."

"बाकीच्यांचं बघावं लागतं मला," मार्लूस पुटपुटली.

"त्या येल्केच्या शेडमध्ये जातात," मुलगी म्हणाली. "टोपल्या विणतो ना, तो. मी बघितलंय आत जाताना."

आजारी माणसांवर ओरडल्याची लाज बरोबर घेऊनच डाउवे बाहेर पडला. पण धक्क्यावरून चालताना त्याला हायसंही वाटत होतं. हिस्केने ते खूळ सोडलं होतं. टोपल्या विणत होती बिचारी, मन रमवायला. आज तिची माफी मागायची, त्याने ठरवलं.

शेडमध्ये विलो झाडाच्या ओल्या काड्यांचा वास होता. हिस्के बाह्या सरसावून विणत होती आणि येल्केच्या कुठल्याशा बोलण्यावर खळखळून हसत होती. तिचं तसलं हसू डाउवेने कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. त्याला पाहताच येल्के उठला आणि बाहेर गेला.

हिस्केच्या पुढ्यात माणसाएवढी लांबलचक टोपली होती. दोन्ही बाजूंना, उचलायला, दोरखंडाच्या मुठी.

"हे बागेसाठी का?" डाउवेने विचारलं.

"नाही. शेवटी मला यातून नेतील." हिस्केने टोपलीच्या काठावरून हात फिरवला. "लांबी बरोबर झालीय. मागच्या वेळी आत झोपून पाहिलं."

"हिस्के, अगं, असलं काय मनात आणतेस? तुझे आकडे..."

"यकृतात पसरलंय. नोव्हेंबरातच कळलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?" त्याचा आवाज फाटला. "त्या वर्गात सांगितलंस, या टोपलीवाल्याला सांगितलंस, आणि मला नाही?"

हिस्केने एक काडी ओढून घट्ट केली.

"मार्लूसचा वर्ग सोडता आला रे," ती म्हणाली. "तुझा आकड्यांचा वर्ग कसा सोडणार होते?"