भिंतीतून केबल

ड्रिल भिंतीच्या आरपार गेलं आणि बाहेर अंगणात नवऱ्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"पाडलंसच भोक! माझ्या बापाचं घर आहे हे!"

तिने कानाडोळा केला. घरून रेडिओवर बोलायचा सरकारी परवाना मिळाल्यापासून ती या दिवसाकडे डोळे लावून बसली होती. टेबलावरचा रेडिओ तिने एकेक भाग जमवून स्वतः जोडला होता. आता केबल बाहेर काढून गच्चीवरच्या अँटेनाला लावली, की झालं. मग कुठल्या कुठल्या गावची माणसं तिच्याशी बोलणार होती. या घरात तिच्याशी धड बोलतं कोण?

भोक बाहेरच्या अंगाला किंचित उतरतं ठेवलं होतं, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. तिने केबल सारायला सुरुवात केली. टोक बाहेर निघालं आणि केबल अडली. जोर लावूनही हलेना. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी टोक धरलं आणि ओढलं.

तिचा जीव भांड्यात पडला. आला बाई एकदाचा ताळ्यावर!

"सावकाश ओढा हो!" ती हसत ओरडली.

जमिनीवरचं वेटोळं सरसर संपत आलं.

"बास! पुरे! अहो, पुरे!"

केबल थांबेना. उत्साहाच्या भरात तिने आतलं टोक आधीच रेडिओला घट्ट पिळून बसवलं होतं. हिसका बसला, रेडिओ टेबलावरून खाली आपटला. खोकं फुटलं, बटणं कपाटाखाली गेली.

बाहेर तो खदाखदा हसला. "बोल आता जगाशी!"

रडायचं ती विसरूनच गेली. त्याला मारावं, एवढंच तिला वाटलं. तिने केबल दोन्ही हातांना गुंडाळली, एक पाय भिंतीला लावला आणि सगळं अंग मागे टाकलं.

पलीकडे धप्पकन आवाज झाला.

"अगं ए! मनगटाला वेढा दिलाय मी! सोड!"

तिने पुन्हा ओढलं. भोकाभोवतीचं प्लास्टर गळलं. काहीतरी कट्कन मोडलं, ते तिला कानांआधी केबलमधून हातांना कळलं. बाहेर तो गुरासारखा ओरडला.

"हात मोडला! सोड गं, पाया पडतो!"

तिने भिंतीवरचा पाय काढला नाही. केबल ताणलेलीच ठेवून, रेडिओवर बोलण्यासाठी महिनोन्‌महिने घोटलेल्या त्या सावकाश, स्पष्ट आवाजात ती म्हणाली,

"आवाज तुटक येतोय. पुन्हा सांगा."