अकरा मिनिटांचा थांबा

सात नंबरची ॲम्ब्युलन्स आजही त्याच गल्लीत थांबली होती.

सुपरवायझरने चष्मा पुसला आणि पडद्याला नाक लावलं. नकाशावरचा हिरवा ठिपका जागचा हलेना. पेशंट हॉस्पिटलात उतरवून गाडी रिकामी निघाली होती. सरळ केंद्रावर यायचं सोडून ती डावीकडे वळली होती, आणि ती गल्ली कोणाची? त्याच्या स्वतःच्या घराची! अकरा मिनिटांनी ठिपका हलला. त्याने मागच्या नोंदी काढल्या. महिनाभर हेच चाललं होतं. रोज बाराच्या आत, दहा-अकरा मिनिटं.

दुसरा कोणी ड्रायव्हर असता तर त्याची धडगत नव्हती. चहासाठी चार मिनिटं गाडी लावली म्हणून त्याने एकाला मेमो दिला होता. गाडी कुठं उभी राहणार, ड्यूटी कोणाची, ऑक्सिजन भरलाय का, स्ट्रेचरचे पट्टे धड आहेत का, सगळं त्याच्या सहीने चालायचं. पण या मेमोत गल्लीचं नाव लिहावं लागलं असतं, आणि ते वाचून अख्खं केंद्र फिदीफिदी हसलं असतं.

कारण सातवर होता हिरो. खऱ्या नावाने त्याला कोणी हाक मारतच नसे. उंचापुरा, कुरळ्या केसांचा, आणि तोंडात साखर. विव्हळणारा पेशंटसुद्धा त्याच्या गाडीतून हसत उतरायचा. सुपरवायझरला ते कधीच आवडलं नव्हतं. स्वतःचं टक्कल आरशात दिसू लागल्यापासून तर बघवतच नव्हतं.

संध्याकाळी तो घरी आला तर बायको चक्क गुणगुणत होती.

आता बोला! दोन वर्षांपूर्वी आई अंथरुणाला खिळली, तिची वाचा गेली, तेव्हापासून या घरात गाणं कसलं? बायकोचं "आई गं, कंबर!" एवढंच ऐकू यायचं. "जरा हात लावता का?" ती रोज म्हणायची आणि हा "ड्यूटी आहे" म्हणून चपला घालायचा. ती कंबरही महिनाभर गप्प होती.

ओट्यावर तीन कप धुऊन पालथे घातले होते. आईला सगळं चमच्याने भरवावं लागायचं, म्हणजे कप तिचा नव्हे. एक बायकोचा. मग उरलेले दोन? हिरोला दोनदा चहा! लाड तरी बघा लाडोबाचे!

"कोण आलं होतं?" त्याने विचारलं.

"आपल्याकडे येतंय कोण?" ती पाठमोरीच म्हणाली. मग थोडं थांबून, "अहो, तुमच्या त्या नियमांतून एखाद्याला सूट नसते का हो?"

"कोणाला?"

"सहज विचारलं."

सहज म्हणे! तो आईच्या खोलीत डोकावला. आई नीट कुशीवर झोपली होती, अंगावर धुतलेलं पातळ, केस विंचरलेले. आईचं तरी करते, एवढंच त्याच्या मनात आलं. जेवण काही गेलं नाही.

सकाळी केंद्राच्या आवारात त्याला नव्या भरतीच्या पोरांना शिकवायचं होतं. हे काम त्याचं आवडीचं, आवाजही खणखणीत. "पेशंट एकट्याने उचलायचा नाही! कधीच नाही! कंबर तुमची जाते आणि जीव पेशंटचा जातो. म्हणून गाडीत माणसं दोन. एक ड्रायव्हर, एक मदतनीस. एक जण नसला तर गाडी जागची हलणार नाही."

मागे हिरो आणि त्याचा मदतनीस काका गाडीतली चादर बदलत होते. काका निवृत्तीला आलेला, मिशा पिकलेल्या.

"साहेब, आई कशा आहेत?" हिरोने विचारलं.

"तुला काय करायच्यात चौकशा?"

हिरोने काकाकडे बघितलं. काका मिशीत हसला. सुपरवायझरच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे म्हाताऱ्यालाही ठाऊक! आपणच तेवढे बावळट!

तो तडक आत गेला, ड्यूटीचा तक्ता काढला आणि सात नंबर शहराबाहेर चाळीस किलोमीटरवर, हायवेच्या नाक्यावर लिहून टाकला. उद्यापासून. खाली झोकात सही केली.

हिरो धावत आला. "साहेब, तिकडं आठवड्याला एक केस नसते. इथं आमची जरा गरज होती."

"कोणाला?"

हिरो चुळबुळला. "वहिनी काही बोलल्या नाहीत का तुम्हाला?"

"वहिनींचं नाव काढायचं नाही!" टेबलावरचा पेन उडून खाली पडला. हिरोने तो उचलून जागेवर ठेवला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी अकरापासून सुपरवायझर पडद्यासमोर ठाण मांडून बसला. सातचा ठिपका नाक्यावर गुमान उभा होता. साडेअकरा झाले. पावणेबारा झाले. गल्ली रिकामी. बसा आता वाट बघत! महिन्याभरात पहिल्यांदाच त्याला चहा गोड लागला.

पलीकडे फोन वाजला. ऑपरेटर मुलगी नवीन होती. तिने ऐकता ऐकता लिहून घेतलं आणि मान वर केली.

"साहेब, जवळ कोणती गाडी आहे? दोन पेशंट आहेत. एक आजी पलंगावरून पडल्यात, डोक्याला लागलंय, शुद्ध नाही. सून एकटीच उचलायला गेली, तिचीही कंबर गेली, जागचं हलता येत नाही."

"जवळ सात असायची. ती नाक्यावर गेलीय. दुसरी यायला अर्धा तास लागेल," तो चहाचा घोट घेत म्हणाला. "पत्ता सांग."

तिने पत्ता वाचला. मग रिसीव्हरवर हात ठेवून हळूच म्हणाली, "साहेब, त्या बाई रडतायत. सासूबाईंना आंघोळीला उचलायला सातवरचे दोघं रोज येतात, ते आज का आले नाहीत, विचारतायत."