दुसरी वेलांटी

ताडकळसच्या गॅरेजात विकायला तीन जुन्या जीप होत्या. एक चकाचक रंगवलेली, एकीचा नुसता सांगाडा आणि तिसरी घासून रंगवायला काढलेली. तिसरीच्या बॉनेटवर मला खिळ्यानं कोरलेलं माझंच नाव दिसलं. चाळीस वर्षांमागं प्रौढवर्गाच्या बाई काळ्या चिखलातून चारी चाकं फिरवत हीच जीप आमच्या गावात आणायच्या. पहिल्यांदा नाव लिहिता आलं, त्या आनंदात मी ते बाईंच्या गाडीवरच कोरलं होतं. मग भ्यालो, आता बाई वर्गातून हाकलतील. "हीच द्या," मी मिस्त्रीला म्हणालो. "बॉनेट मात्र घासू नका." "काका, रंगवलेली घ्या की! ह्या भंगारात काय हाय?" मी नावावर बोट ठेवलं. त्यानं वाकून वाचलं. "मुंजाजि? तुमीच व्हय? पर वेलांटी चुकली की, दुसरी पायजे." माझे हात आपोआप जुळले. "बाईबी तवा एवढंच म्हणल्या होत्या."