गाढवालाही सुट्टी

स्कूटरवर चादर टाकली तेव्हा कवळीवाल्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. शब्बाथाच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी गाढवालासुद्धा विसावा द्यावा, अशी बायबलात आज्ञा आहे. त्याच्याकडे गाढव नव्हतं. त्याने बराच विचार करून स्कूटरलाच गाढव धरलं आणि शनिवारी तिला कुणी हात लावायचा नाही, असा घरात नियम केला.

"अहो, आज मी आक्काकडे जाऊन जरा पडू का?" मागून बायको म्हणाली. "पायांत त्राण नाही राहिलं."

"आज? आणि माणसं यायचीत, त्यांचं कोण बघणार?"

तिने सुजलेले पाय कसेबसे चपलांत कोंबले आणि स्वयंपाकघरात गेली. आठवडाभर तो खोलीत बसून कवळ्या घडवी. ती त्या घासून चकचकीत करी आणि याच स्कूटरवरून दातांच्या दवाखान्यांत पोहोचवी. मग शब्बाथ येई.

रविवारचं चर्च त्यांनी कधीच सोडलं होतं. मार्गदर्शक भेटले आणि कळलं की आपण काही बाहेरून आलेले विश्वासणारे नाही. आपण इस्राएलच्या हरवलेल्या दहा वंशांतले आहोत, आणि आता आपली घरवापसी जवळ आली आहे. मार्गदर्शक पूर्वी विमा विकत. आता ते लोकांना त्यांचे वंश शोधून देत. बोलण्याची ढब तीच राहिली होती.

तेव्हापासून कवळीवाला तोरा, म्हणजे मोशेचं नियमशास्त्र, अक्षरशः पाळू लागला. विसाव्याच्या आज्ञेत मुलगा होता, म्हणून मुलगा गादीवर लोळत होता. मुलगी होती, म्हणून मुलीने कपबशा विसळायच्या नाहीत. दासी होती, म्हणून भांडीवालीला रजा. वेशीतला उपरा होता, म्हणून माडीवरच्या भाडेकरूने आता पाण्याचा जार आणून द्यायचा नाही. असा न्यायी माणूस गल्लीत दुसरा नसेल, असं कवळीवाल्याला मनापासून वाटे.

दुपारपर्यंत हॉल भरला. मार्गदर्शक रिकाम्या हातांनी आले. शब्बाथाला ओझं उचलायचं नसतं. त्यांच्या ग्रंथांच्या दोन्ही पिशव्या त्यांच्या बायकोने आणल्या आणि ती दाराशी बसून बोटं चोळत राहिली.

आज वंश सांगायचे होते. कवळीवाल्याचा डोळा एफ्राइमवर होता. दहा वंशांत तो वजनदार. पण एफ्राइम सिमेंटवाल्याला गेला. बैठकीच्या सगळ्या खुर्च्या त्याच्याच होत्या. शिंप्याला नफताली मिळाला. मग मार्गदर्शकांनी कवळीवाल्याकडे निरखून बघितलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "इस्साखार."

"हा कसा असतो, सर?"

"फार कष्टाळू. त्याच्या बापाने, याकोबाने, त्याला आशीर्वाद देताना..." मार्गदर्शक खाकरले. "बळकट गाढवाची उपमा दिली आहे."

चहाचा ट्रे घेऊन बायको दारात उभी होती.

"बरं झालं," ती म्हणाली. "आज त्यालाही सुट्टी आहे."

शिंप्याला ठसका लागला. कवळीवाल्याचे कान तापले. चहा वाटून झाला, संपला, आणि मार्गदर्शकांनी रिकामा कप पुढे केला.

"वहिनी, आणखी एक फेरी होऊन जाऊ द्या."

तिने कप घेतला नाही. "एक विचारू का, सर? मुलगा आहे, मुलगी आहे, दासी आहे, गाढव आहे, वरचा भाडेकरूसुद्धा आहे. विसाव्यात बायको कुठे आहे?"

कवळीवाल्याने चमकून मार्गदर्शकांकडे पाहिलं. हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मार्गदर्शकांनी आपल्या बायकोकडून एक ग्रंथ मागवला, पानं उलटली. आज्ञेत 'तू' म्हटलं की त्यात बायको आलीच, असं उत्तर त्यांच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यांची नजर रिकाम्या कपाकडे गेली. शब्बाथाला विस्तव पेटवायचा नसतो. मग गॅस कोण पेटवणार?

"बायकोचं नाव नाही," ते गोड हसून म्हणाले. "नाव नाही म्हणजे बंधनही नाही. ही बायकांसाठी खास सवलत समजा. तुम्हाला सगळं चालतं."

"सगळं?"

"सगळं."

कवळीवाल्याचा जीव भांड्यात पडला. बायकोने पदराला हात पुसले आणि खिळ्यावरची किल्ली काढली.

"अगं, कुठे निघालीस?"

"आक्काकडे. पडायला."

तो तिच्यामागे अंगणात धावला. तिने चादर ओढून त्याच्याच खांद्यावर टाकली. हँडल धरायला त्याने हात पुढे केला आणि तो हवेतच थांबवला. गाडीला हात लावायचा नाही, हा नियम त्याचाच होता. खिडकीतून सगळे वंश बघत होते.

"आई, मी पण येऊ?" मुलगी आतून ओरडली.

"तुझं नाव आहे, बाई. तू विसावा घे."

स्कूटर पहिल्याच झटक्यात सुरू झाली. तेवढ्यात पायऱ्यांवर काहीतरी जड आदळलं. ग्रंथांच्या दोन्ही पिशव्या तिथेच सोडून मार्गदर्शकांची बायको लगबगीने खाली येत होती.

"थांबा हो वहिनी," ती म्हणाली. "मागे जागा आहे ना?"