सात मीटरवरचं बदक

"तुझ्या चिंध्या निघाल्या, तर पहिल्या तारखेला खोल्या रिकाम्या," मालकीणबाई जिन्याच्या चौथ्या पायरीवरून म्हणाल्या. त्याखाली उतरायची सोय नव्हती. चेंबरचं झाकण पाण्याने उचललं होतं आणि अंगणभर काळा चिखल पसरला होता.

"आणि तुमचं काही निघालं तर?" शिवणवालीने विचारलं. ती त्या चिखलातच उभी होती, नाकाला रुमालही न लावता.

मालकीणबाई हसल्या. त्यांचं काही निघू शकतं, हा विचारच त्यांना नवा होता.

शिवणवाली तळमजल्यावर सहा वर्षं राहत होती. एका खोलीत मशीन, दुसरीत सासरे. नवरा परगावी कामाला. कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून सासरे वॉकर धरून चालत, आणि जिना दिसला की त्यांचे पाय जागीच संपत. तळमजल्याच्या खोल्यांसाठी तिने सगळा भाग पालथा घातला होता. एकही रिकामी नव्हती. मालकीणबाईंना मात्र ह्याच खोल्या भाचीसाठी हव्या होत्या. वर्षभर त्या निमित्त शोधत होत्या. मशीनची खडखड काढून झाली, वॉकरची टकटक काढून झाली, दारातल्या चपलासुद्धा मोजून झाल्या. चेंबर तुंबलं तेव्हा त्यांना जवळजवळ हायसंच वाटलं. खाली कापडाचे तुकडे, पाइपात अडथळा; त्यांच्या हिशेबात दोन आणि दोन चार झाले होते.

पाइपात कॅमेरा सोडून बघायचं सुचवलं ते त्यांच्या यजमानांनी. ह्या गृहस्थांना माघारी सगळे होयबा म्हणत. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला 'नाही' म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. नाद म्हणावा असा एकच: रोज पाच वाजता खाली येऊन शिवणवालीच्या सासऱ्यांशी पत्ते खेळायचे. तोही डाव, वरून हाक आली की हातातला हुकूम तसाच ठेवून ते उठत. आज मात्र ते म्हणाले, तोंडातोंडी नको, पुरावा आलेला बरा, आणि दोघींचा शब्द कागदावर असू दे. मालकीणबाईंना पटलं. पुराव्याला भ्यायचं त्यांना कारण नव्हतं.

कागदही होयबांनीच लिहिला, वळणदार अक्षरात. खालच्या मजल्याची वस्तू निघाली, तर पहिल्या तारखेला खोल्या रिकाम्या. वरच्या मजल्याची निघाली, तर तीन वर्षं खोल्या सोडायचा विषय काढायचा नाही. शिवणवालीने सही केली ती पेन कागदातून पार जाईल इतकी दाबून. छातीठोक बोलली होती खरी, पण सासरे कधी काय धुवायला नेतात, ह्याची खात्री तिलाही नव्हती.

कॅमेरावाल्याने मागच्या भिंतीवरून उतरणाऱ्या वरच्या मजल्याच्या पाइपाचं खालचं बूच काढलं. मग मान मागे टाकून त्याने पाइप कुठवर जातो ते पाहिलं. हवेसाठी तो थेट गच्चीच्या वर काढलेला होता. तोंडावर जाळी आहे ना, त्याने विचारलं. नसली की पाखरं नको ते टाकतात.

"आहे. मीच बांधलीय," होयबा म्हणाले.

केबल आत सरकू लागली. पडद्यावर ओला बोगदा, कोपऱ्यात मीटरचे आकडे. दोन. चार. साडेसहाच्या पुढे काहीतरी पांढुरकं हललं.

"कापड आहे," कॅमेरावाला म्हणाला.

मालकीणबाई चौथ्या पायरीवरून तिसरीवर आल्या आणि भाचीला फोन लावायला मोबाइल काढला. दारातली वॉकरची टकटक थांबली.

शिवणवाली पडद्याजवळ सरकली. ती म्हणाली, "ओढून काढा. माझं असलं तर पहिली तारीख कशाला, आज संध्याकाळीच जाते. पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाही."

कॅमेरावाल्याने पडद्यावर बोट ठेवलं. सात मीटरवर दोन्ही मजल्यांचे पाइप एकत्र येतात. कापड त्याच्या अलीकडे, फुटक्या जोडात अडकलंय; फक्त शेपूट पुढे लोंबतंय, म्हणून दोन्हीकडचं पाणी अडलंय. म्हणजे माल वरचा. मालकीणबाई म्हणाल्या, यंत्राला काय कळतं.

मग त्याने आकडीची सळई घातली, ओढली, आणि आलेला गोळा नळीच्या पाण्याखाली धरला. टॉवेल होता. कोपऱ्यात लाल दोऱ्याने भरलेलं बदक.

ते बदक मालकीणबाईंनी नातवासाठी स्वतः भरलं होतं आणि गल्लीत घरोघरी दाखवलं होतं. नाही म्हणायला जागा नव्हती.

"जोडी होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "गच्चीवर वाळत घातलेली. दोन्ही उडून गेले."

"उडून थेट संडासात, काकू?" शिवणवाली म्हणाली. "बदकच ते, पाण्यातच जाणार."

मालकीणबाई तिसऱ्या पायरीवरून पुन्हा चौथीवर गेल्या. सुट्टीत येऊन गेलेल्या नातवाने मागे एकदा कंगवा संडासात टाकला होता, ते त्यांना आठवलं असावं. मोबाइल खाली गेला. शिवणवालीने कागदातली दुसरी अट मोठ्याने वाचली, मग दारातल्या सासऱ्यांकडे बघून पुन्हा एकदा वाचली.

"होय, असंच लिहिलंय," होयबा म्हणाले. मालकीणबाई एकेक पायरी चढत वर गेल्या.

पावणेपाचला शिवणवाली वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. पाइपाशेजारी स्टुलावर होयबा उभे होते. तोंडावर जाळी बसवून ते तारेला पीळ देत होते. खांद्यावर टॉवेल होता, कोपऱ्यात लाल बदक असलेला.

ती जागीच थांबली. त्यांनी शेवटचा पीळ दिला, स्टुलावरून उतरले, टॉवेलची चौघडी घातली आणि तिच्या हातातल्या कपड्यांखाली सरकवली.

"सासऱ्यांना सांग, पत्ते पिसून ठेवा," ते म्हणाले. "आणि हा जपून ठेव. तीन वर्षांनी लागेल."