गप्प बसायचा तास

तिचा स्तनाचा कॅन्सर हाडांत पसरला होता. तो नव्या औषधाला दाद देतोय का, हे बघायला अधूनमधून स्कॅन व्हायचा. इंजेक्शननंतर तासभर गप्प पडून राहायचं, नाहीतर बोलण्याने फोटोत कॅन्सरसारखा गळाही उजळतो. पण ती शेजारच्या खाटेवरच्या बाईशी बोलतच राहायची आणि स्कॅनवाला दाराबाहेर बसलेल्या नवऱ्यावर वैतागायचा, "काका, काकूंच्या तोंडाला कुलूप लावा हो!"

"लग्न झाल्यापासून तेच शोधतोय, बाबा!"

आज आतून एक शब्द ऐकू आला नाही. स्कॅनवाला खूश होऊन बाहेर आला. "काका, गळा अजिबात उजळला नाही! काकूंनी ऐकलं एकदाचं."



डॉक्टरांचा रिपोर्ट उद्या येणार होता. नवऱ्याला तो आजच कळला.