शिक्षेआधीचं म्हणणं

अकरा वाजता न्यायाधीशांनी राजपालला दोषी ठरवलं आणि शिक्षेवर तीन वाजता ऐकू, असं सांगून पुढची केस घेतली. बांधाच्या भांडणात त्याच्या काठीनं शेजाऱ्याचा हात कायमचा निकामी झाला होता. ते खोटं नव्हतं.

वकील राजशेखर यांनी त्याच्या आईला, मथुराबाईला, व्हरांड्यात गाठलं. नात चालू शकत नाही, तिला आई नाही, तिला उचलून शाळेत नेणारा राजपाल एकटाच. हे साहेबांपुढं आलं तर शिक्षा कमी होईल, म्हणाले. तिच्या अपंगत्वाचा दाखला घेऊन या. राजपाललाही बजावलं, साहेब तुला स्वतः विचारतील, तेव्हा पोरीचं सांग.

मथुराबाई उमरग्याहून लोहाऱ्याला घरी गेली. दाखला पेटीत लुगड्यांखाली होता. नात श्रावस्ती उंबऱ्यात बसून होती. अप्पा कधी येणार, विचारलं तिनं. आजीनं संध्याकाळी येतो म्हणून सांगितलं आणि अड्ड्यावर धावली. उमरग्याची जीप काही हलेना. अकरा माणसं कोंबून झाली तरी मल्लेश ड्रायव्हर टायरला टेकून उभाच. म्हातारीनं हात जोडले.

"अजून एकच शीट, मावशी," तो म्हणाला.

ती कोर्टात पोचली तेव्हा साडेतीन झाले होते. राजपाल हवालदाराशेजारी बाकावर बसला होता. पाच वर्षांची शिक्षा झाली होती.

राजशेखर यांना नेमका तीन वाजता शेजारच्या कोर्टात दुसऱ्या केसचा पुकारा झाला होता. ते धावत आले तोवर सगळं उरकलं होतं. त्यांनी दाखला वाचला, अपिलात लावू म्हणाले आणि मग चिडलेच.

"नुसतं पोरीचं नाव काढलं असतं तरी साहेबांनी उद्याची तारीख दिली असती. दोनदा विचारलं म्हणे ह्याला."

मथुराबाईला रडूही येईना. ती लेकासमोर खालीच बसली.

"इचारलं व्हतं तुला?"

"व्हय."

"मग बोलला का न्हाईस?"

राजपालनं मान वर केली नाही.

"साहेब घड्याळ बघत व्हते, आई. म्हणलं, आपल्यापायी त्यांचा येळ कशाला मोडायचा."